त्रैक्य खरे आहे का, आणि खात्री नसताना ते म्हणावे का?

प्रिय भगिनी,

आपले पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्यातील आशय थोडक्यात सांगतो. आपण लहानपणापासून ख्रिस्ती मंडळीत वाढलात आणि आज तिथल्या किशोरवयीन मुलांचा वर्ग घेता. देव एकच असून तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्र्येक आहे, ही त्रैक्याची शिकवण तपासून पाहण्याची वेळ आपल्यावर कधी आली नव्हती. आता आपला धाकटा भाऊ केवळ पित्यालाच देव मानणाऱ्या एका गटात गेला आहे. त्याचे म्हणणे असे की त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये नाही, ही शिकवण इ.स. ३२५ मध्ये रोमन सम्राटाने निकेयाच्या परिषदेत लादली, येशूने स्वतःच ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ असे सांगितले आहे, आणि तीन म्हणजे एक हे गणित कोणालाही पटणार नाही. आपण मुलांना पाणी, बर्फ आणि वाफ यांचा दाखला देता हे ऐकल्यावर तो म्हणाला की हा दाखला तुमच्याच चर्चने पाखंड ठरवलेला आहे. तेव्हापासून रविवारी उपासनेत विश्वासांगीकार, म्हणजे चर्चच्या श्रद्धेचे ठरलेले निवेदन, म्हणताना आपण अडखळता. ही शिकवण खरी आहे का, खात्री नसताना ती म्हणणे खोटेपणाचे आहे का, आणि भावाशी कसे बोलावे, असे आपण विचारले आहे.

मी कुठे उभा आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे सारे आपल्याला त्या दृष्टीने पारखून घेता येईल. ही शिकवण खरी आहे असे मी मानतो. ती तर्काने सिद्ध करता येते असे मात्र मी मानत नाही, आणि बायबलच्या एखाद्या वचनावर बोट ठेवून वाद मिटवता येतो असेही मानत नाही. तिचा खरेपणा येशू कोण होता या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. आपण आणि आपला भाऊ हा प्रश्न मागे ठेवून एकदम तीन आणि एक या आकड्यांपाशी जाऊन थांबला आहात, आणि त्यामुळेच आपला वाद पुढे सरकत नाही, असे मला वाटते.

दाखल्याच्या बाबतीत भावाचे बरोबर आहे, हे प्रथम मान्य करा. तेच पाणी कधी बर्फ होते, कधी वाफ होते. म्हणजे एकच वस्तू तीन रूपे आळीपाळीने घेते. देवाबद्दल असे मानणारे मत तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोममध्ये प्रचलित होते, सबेलियस या शिक्षकाचे नाव त्याला चिकटले, आणि चर्चने ते नाकारले. नाकारण्याचे कारण येशूचे चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानातच आहे. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा होतो तेव्हा पुत्र पाण्यात आहे, आत्मा उतरत आहे आणि पित्याची वाणी ऐकू येत आहे. अटक होण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत पुत्र पित्याला विनवणी करतो. पिता आणि पुत्र ही एकाचीच दोन रूपे असतील, तर ती प्रार्थना स्वतःशीच केलेले बोलणे ठरते, आणि शुभवर्तमानातील त्या सर्वांत दुःखद प्रसंगाला काही अर्थ उरत नाही. तेव्हा हा दाखला वर्गातून काढून टाका आणि त्याच्या जागी दुसरा शोधू नका. मुलांना यार्देनेचा प्रसंग आणि गेथशेमानेचा प्रसंग वाचून दाखवा. त्रैक्याची शिकवण जिथून उगवली ती जागा त्यांना तिथे दिसेल.

शब्द बायबलमध्ये नाही, हा मुद्दा खरा असला तरी हलका आहे. एखादी गोष्ट ग्रंथात आहे की नाही हे तिला नंतर दिलेल्या नावावरून ठरत नाही. इतिहास म्हणून मात्र एवढे जाणून घ्या की अंत्युखियाचा बिशप थिओफिलस याने इ.स. १८० च्या सुमारास देवाच्या संदर्भात ‘त्रयी’ असा उल्लेख केला, आणि कार्थेजच्या टर्टुलियनने तिसऱ्या शतकाच्या आरंभी एक तत्त्व आणि तीन व्यक्ती अशी मांडणी लॅटिन भाषेत केली. हे दोघेही निकेयाच्या शंभराहून अधिक वर्षे आधीचे आहेत. त्यांचे विचार पुढच्या शिकवणीशी तंतोतंत जुळत नाहीत. टर्टुलियन पुत्राला पित्यापासून निघालेला अंश समजत असे, जे निकेयाच्या शिकवणीत बसत नाही. शिकवण हळूहळू घडली हे कबूल करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्वर्गात साक्ष देणाऱ्या तिघांचे जे वचन काही जुन्या भाषांतरांत आढळते, त्याचा आधार मात्र भावापुढे कधीही घेऊ नका. ते प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत नाही. सोळाव्या शतकातील विद्वान इरॅस्मस याने आपल्या ग्रीक नव्या कराराच्या १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांतून ते वगळले होते आणि पुष्कळ टीका झाल्यावर १५२२ च्या आवृत्तीत घातले. चांगल्या पक्षाची बाजू खोट्या पुराव्याने मांडली की तो पक्षच खोटा वाटू लागतो, आणि या वचनाने ते काम कित्येक शतके केले आहे.

आता निकेया. इथे आपल्या भावाने ऐकलेली कथा फारच सोपी करून सांगितलेली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याची शिकवण अशी होती की पुत्र हा देवाने सर्वांआधी निर्माण केलेला, सर्वांत श्रेष्ठ असा जीव आहे, पण निर्मिलेलाच आहे. तो नव्हता अशी एक स्थिती होती. या शिकवणीवरून पूर्वेकडच्या मंडळ्या दुभंगल्या. नुकताच साऱ्या साम्राज्याचा धनी झालेल्या कॉन्स्टंटाइनला राज्यात शांतता हवी होती, आणि त्याने ३२५ मध्ये सुमारे तीनशे बिशपांना निकेया येथे बोलावले. पुत्र ‘खऱ्या देवापासून खरा देव’ आणि पित्याशी एकतत्त्व आहे असा निर्णय झाला. दोघा बिशपांनी शेवटपर्यंत सही नाकारली, आणि एरियसबरोबर त्यांनाही हद्दपार करण्यात आले. सम्राटाचा दबाव होता, हे कोणीही नाकारू नये.

परंतु कथा तिथे संपत नाही, आणि पुढे जे घडले ते लादल्याच्या कथेत बसत नाही. काही वर्षांतच कॉन्स्टंटाइनने एरियसला परत येऊ दिले. निकेयाच्या निर्णयाचा सर्वांत खंदा पाठीराखा असलेल्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथानासियसला ३३५ मध्ये त्याच सम्राटाने हद्दपार केले. ३३७ मध्ये मरणशय्येवर सम्राटाने बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या बाजूच्या युसेबियस या निकोमेडियाच्या बिशपाकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस तर उघडपणे निकेयाच्या विरोधात होता. त्याच्या दडपणाखाली ३५९ मध्ये पश्चिमेला आणि पूर्वेला दोन परिषदा झाल्या आणि निकेयाचा ‘एकतत्त्व’ हा शब्द सोडून देणारी मांडणी मान्य करून घेण्यात आली. अथानासियसला निरनिराळ्या सम्राटांनी मिळून पाच वेळा हद्दपार केले. म्हणजे निकेयानंतरची जवळजवळ पन्नास वर्षे राजसत्तेचे वजन बहुतेक काळ आपल्या भावाच्या बाजूला होते, आणि तरीही ही शिकवण टिकली. ती टिकली त्यामागे मंडळ्यांची उपासना होती, आणि बिशप बेसिल, त्याचा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि त्यांचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी यांनी केलेले विचाराचे कष्ट होते.

त्याच वेळी हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे की ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने निकेयाचा विश्वास प्रजेवर हुकमाने बंधनकारक केला आणि न मानणाऱ्यांना पाखंडी ठरवले. पुढे या शिकवणीच्या नावाने जे झाले ते लज्जास्पद आहे. १५५३ मध्ये जिनिव्हा येथे मायकेल सर्व्हेटस याला त्रैक्य नाकारल्याबद्दल जिवंत जाळण्यात आले. १६९७ मध्ये एडिंबरो येथे थॉमस एकेनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला फाशी देण्यात आली, आणि त्याच्यावरच्या आरोपांत त्रैक्याची निंदा हाही एक होता. इंग्लंडमध्ये त्रैक्य नाकारणाऱ्यांवरचे कायदेशीर निर्बंध १८१३ मध्ये उठले. बळजबरीने शिकवण खोटी ठरत नाही, पण शतकानुशतके सगळे हेच मानत आले असे म्हणून तिच्या बाजूने पुरावा देण्याचा अधिकार मात्र त्या बळजबरीने आपल्याकडून काढून घेतला आहे. वेगळे बोलणाऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर सर्वांच्या एकमताला किंमत ती काय राहणार? आपला भाऊ या इतिहासावरून रागावलेला असेल, तर तो राग योग्य आहे, आणि त्याच्याशी बोलताना आपण तो आपलाही मानावा असे मला मनापासून वाटते.

तर मग पुरावा कुठे आहे? तो निकेयाच्या पुष्कळ आधी, अगदी पहिल्या पिढीत शोधावा लागतो. येशूचे पहिले अनुयायी यहूदी होते. ‘हे इस्राएला, श्रवण कर’ या शब्दांनी सुरू होणारी देवाच्या एकत्वाची घोषणा त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत होती, आणि मार्काच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशूने स्वतः तीच सर्वांत मोठी आज्ञा म्हणून सांगितली. निर्मिलेल्या कशाचीही उपासना करण्यापेक्षा मरण पत्करावे, अशी या लोकांची घडण होती. आणि तरीही येशूच्या वधस्तंभानंतर जेमतेम दोन-अडीच दशकांत लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात प्रेषित पौल लिहितो की आपल्याला एकच देव आहे, म्हणजे पिता, ज्याच्यापासून सर्व काही आहे, आणि एकच प्रभू आहे, म्हणजे येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व काही आहे. ‘परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच’ ही जुनी घोषणा ज्यांच्या कानात आहे त्यांना इथे काय घडले ते लगेच कळते. पौलाने त्या घोषणेच्या शेजारी दुसरा देव उभा केलेला नाही. त्या एका घोषणेच्या आतच त्याने पिता आणि येशू या दोघांना ठेवले आहे. फिलिप्पैकरांस पत्रात तो आणखी पुढे जातो. जुन्या करारातील यशया संदेष्ट्याच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात देव म्हणतो की माझ्यावाचून दुसरा नाही आणि प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल. नेमके तेच शब्द पौल येशूला लावतो. करिंथकरांस त्याच पत्राच्या शेवटी ‘मारानाथा’ ही अरामी भाषेतली हाक आहे. आमच्या प्रभू, ये, असे येशूला उद्देशून केलेले ते मागणे आहे, आणि ग्रीक बोलणाऱ्या करिंथकरांपर्यंत ते अरामी शब्दांतच पोचले, यावरून ते यहूदियातल्या पहिल्या मंडळीकडून आले असावे. पुढे इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी हा रोमन सुभेदार सम्राट ट्राजनला कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून स्तोत्र गातात. यातील कुणालाही निकेया ठाऊक नव्हते.

या पुराव्याचा अर्थ कसा लावायचा याबद्दल अभ्यासकांत खरा मतभेद आहे, आणि तो आपण भावापासून लपवू नये. लॅरी हर्टाडो यांच्या मते येशूची उपासना अगदी आरंभापासून आणि यहूदी एकेश्वरवादाच्या चौकटीतच सुरू झाली. बार्ट एहरमन यांच्या मते येशूने जिवंतपणी स्वतःला देव म्हटले नाही. पुनरुत्थानाच्या विश्वासानंतर शिष्यांनी त्याला उच्च पदाला नेले आणि ते पद वाढत गेले. जेम्स डन यांना फिलिप्पैकरांस पत्रातील त्या उताऱ्यात मुख्यत्वे आदामाशी केलेली तुलना दिसते. पण येशूला दैवी स्थान पहिल्या काही वर्षांतच मिळाले, हे एहरमनसारखा अश्रद्ध इतिहासकारही मान्य करतो. त्यामुळे ते चौथ्या शतकात एका सम्राटाने दिले, ही कल्पना सोडून द्यावी लागते.

भावाने पुढे केलेल्या वचनांना मी कमी लेखत नाही. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ याचे परंपरेने दिलेले उत्तर असे आहे की पुत्राचा उगम पित्यात आहे म्हणून, किंवा पुत्र मनुष्य झाला त्या अवस्थेबद्दल, हे म्हटले आहे. आणि हे वचन ज्यात आहे त्या योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ ‘शब्द देव होता’ असा होतो आणि शेवटाकडे शिष्य थोमा येशूला ‘माझा प्रभू व माझा देव’ म्हणतो, हे पाहता त्या वचनातून एरियसचे मत निघते असे मला वाटत नाही. खरी अडचण मला मार्काच्या तेराव्या अध्यायात वाटते, जिथे येशू म्हणतो की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. मनुष्य म्हणून ठाऊक नव्हते, असे उत्तर दिले जाते, आणि ४५१ च्या खाल्कीदोन परिषदेने येशूच्या ठायी देवपण आणि मनुष्यपण दोन्ही पूर्ण आहेत असे जे सांगितले त्याच्याशी ते सुसंगत आहे. तरीही हे वचन मी वाचतो तेव्हा ते उत्तर पूर्णपणे समाधान देत नाही, आणि भावाने इथे बोट ठेवले तर आपण थांबून विचार करावा.

पवित्र आत्म्याबद्दलचा पुरावा याहून विरळ आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र हनन्याला म्हणतो की तू पवित्र आत्म्याशी लबाडी केलीस, आणि लगेच पुढे म्हणतो की तू देवाशी लबाडी केलीस. मत्तयाच्या शेवटी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या एकाच नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा आहे. करिंथकरांस दुसरे पत्र या तिघांच्या आशीर्वादाने संपते. एवढ्यावरून पुष्कळ सूचित होते, पण सारे स्पष्ट होत नाही. नाझियान्झसच्या ग्रेगरीने ३८० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये बोलताना हे मोकळेपणाने मान्य केले: जुन्या कराराने पित्याला उघड आणि पुत्राला अंधूक दाखवले, नव्या कराराने पुत्राला उघड केले आणि आत्म्याचे देवपण सूचित केले, आणि आता आत्मा आपल्यामध्ये राहून स्वतःला अधिक स्पष्ट करतो आहे. ३८१ च्या परिषदेचा जो विश्वासांगीकार आपण रविवारी म्हणता, त्यात आत्म्याला सरळ ‘देव’ म्हटलेले नाही. तो प्रभू आणि जीवनदाता आहे, पिता आणि पुत्र यांच्यासह त्याची उपासना होते, असे म्हटले आहे. त्या शब्दांतला संयम मला फार मोलाचा वाटतो, आणि अडखळताना आपण तो लक्षात घ्यावा.

आता गणिताकडे येऊ. एक देव आहे आणि तीन देव आहेत, किंवा एक व्यक्ती आहे आणि तीन व्यक्ती आहेत, असे कोणी म्हटले तर ती उघड विसंगती होईल. शिकवण तसे म्हणत नाही. ती एक तत्त्व आणि तीन व्यक्ती असे म्हणते, म्हणजे ज्या अर्थाने एक त्याच अर्थाने तीन असे म्हणत नाही. परंतु एवढे सांगून सुटका होत नाही. पिता देव आहे, पुत्र देव आहे, आत्मा देव आहे, यांतील कोणीही दुसरा नाही, आणि देव एकच आहे. ही विधाने एकत्र कशी उभी राहतात? ‘पिता देव आहे’ याचा अर्थ पिता आणि देव ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत असा घेतला, तर पुत्र आणि पिता एकच ठरतात आणि शिकवण कोसळते. उलट पेत्र मनुष्य आहे, याकोब मनुष्य आहे, योहान मनुष्य आहे तसेच हे आहे असे म्हटले, तर तीन माणसांप्रमाणे तीन देव होतात. निस्साच्या ग्रेगरीला हाच प्रश्न विचारण्यात आला होता, आणि त्याने दिलेले उत्तर मला आजही सर्वांत जवळचे वाटते. तीन माणसे एकच काम करतात तेव्हा प्रत्येकाचे कृत्य वेगळे असते. देवाच्या बाबतीत मात्र प्रत्येक कृत्य एकच असते, ते पित्यापासून निघते, पुत्राच्या द्वारे चालते आणि आत्म्याच्या ठायी पूर्ण होते. तिघांनी आपसांत मेळ घातलेली तीन कृत्ये तिथे नसतात. आणि कृत्यात ज्यांना वेगळे करता येत नाही, त्यांना तीन देव म्हणून मोजता येत नाही.

हे उत्तर पुरेसे आहे का? माझ्या मते ते बरेच दूर नेते, पण शेवटपर्यंत नेत नाही. विसाव्या शतकात तत्त्वज्ञ पीटर गीच यांनी ‘तोच देव’ असणे आणि ‘तीच व्यक्ती’ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत अशी मांडणी केली, रिचर्ड स्विनबर्न यांनी तीन व्यक्तींच्या परस्परप्रेमावर भर दिला, आणि दोघांवरही कसून टीका झाली. मला दिसते ते असे की ही शिकवण विसंगत आहे हे सिद्ध करणाऱ्याला तिने नाकारलेले काहीतरी आधी गृहीत धरावे लागते, आणि ती सुसंगत कशी हे सर्वांना पटेल असे अजून कोणी दाखवलेले नाही. अशा ठिकाणी ‘हे गूढ आहे’ म्हणणे मला मान्य आहे, पण प्रामाणिकपणे विचार करून थकल्यानंतरच. विचार टाळण्यासाठी तो शब्द वापरला की तो पळवाट होतो, आणि आपल्या वर्गातील मुलांना ती पळवाट चटकन ओळखता येते.

मग ती खरी आहे असे मी का मानतो? तर्काने नव्हे. धर्मपंडित थॉमस अक्वायनस याने तेराव्या शतकातच स्पष्ट लिहिले की मनुष्याची बुद्धी स्वतःच्या बळावर त्रैक्यापर्यंत पोचू शकत नाही, आणि जो ते बुद्धीने सिद्ध करू पाहतो तो विश्वासाचेच नुकसान करतो, कारण अशा कच्च्या युक्तिवादांवर आपण विसंबतो असे लोकांना वाटते. बाराव्या शतकातील सेंट व्हिक्टरच्या रिचर्डचा युक्तिवाद मला फार हलवतो: देव पूर्ण प्रेम असेल तर प्रेम करायला दुसरा हवा, आणि त्या प्रेमात सहभागी करून घ्यायला तिसरा. पण तोही पुरावा नव्हे. तीनच का, चार का नाहीत, या प्रश्नापाशी तो डळमळतो.

माझा आधार वेगळा आहे. मी येशूच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो, आणि त्यामुळे पहिल्या यहूदी शिष्यांनी त्याची जी उपासना केली ती देवाने मान्य केली असे मानतो. एवढे मानल्यावर माझ्यापुढे थोडेच मार्ग उरतात. येशू निर्मिलेला असेल तर ती उपासना मूर्तिपूजा होती. अथानासियसने एरियसच्या पक्षाला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला की ज्याला तुम्ही निर्मिलेला म्हणता त्याची तुम्ही प्रार्थना कशी करता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याकडे होते असे मला वाटत नाही. येशू दुसरा देव असेल तर एकेश्वरवाद गेला. येशू आणि पिता एकच व्यक्ती असतील तर गेथशेमाने गेले. हे तिन्ही मार्ग बंद झाल्यावर जे उरते त्याला चर्चने त्रैक्य म्हटले. या शिकवणीने जपलेली गोष्ट मला फार मोठी वाटते: वधस्तंभावर देवाने आपल्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवून दुःख सोसायला लावले नाही, तो स्वतः आला. एरियसचे मत खरे असेल तर देव शेवटपर्यंत दूरच राहिला आणि एका श्रेष्ठ सेवकाकरवी आपले तारण झाले. ते मला शुभवर्तमान वाटत नाही.

आपण विचारलेत म्हणून हेही सांगतो की माझी खात्री सगळीकडे सारखी नाही. देव एक आहे याची मला जितकी खात्री आहे तितकी पुनरुत्थानाची नाही, आणि पुनरुत्थानाची जितकी आहे तितकी ‘एक तत्त्व, तीन व्यक्ती’ या विशिष्ट शब्दरचनेची नाही. जो पुनरुत्थान मानत नाही त्याने त्रैक्य मानावे अशी अपेक्षा मी करणार नाही. यहूदी आणि मुस्लिम ते मानत नाहीत यात त्यांची बुद्धी कमी पडते असे मला मुळीच वाटत नाही. आयझॅक न्यूटन बायबलचा अतिशय कसून अभ्यास करीत असे, आणि आपला भाऊ ज्या निष्कर्षाला आला त्याच निष्कर्षाला न्यूटन खासगीत आला होता.

विश्वासांगीकाराबद्दल आपली भीती मला अनाठायी वाटते. शंका असणे आणि नाकारणे या वेगळ्या अवस्था आहेत. ज्या मंडळीने आपल्याला वाढवले तिच्या विश्वासात उभे राहून, तो आपलाही व्हावा अशा इच्छेने ते शब्द म्हणणाऱ्याने खोटे बोलल्याचे मानू नये. मात्र विचारान्ती एखादे वाक्य खोटे आहे अशी आपली खात्रीच झाली, तर त्या वाक्याला शांत राहा आणि पाळकांना तसे सांगा. मग वर्ग चालू ठेवायचा की नाही हे त्यांच्याबरोबर ठरवा. आज आपण त्या टप्प्यावर आहात असे पत्रावरून दिसत नाही. तोवर वर्गातील मुलांनी विचारले तर ‘चर्च असे शिकवते, त्याची कारणे अशी आहेत, आणि मी अजून शिकते आहे’ असे सांगायला काहीच हरकत नाही.

राहिला भाऊ. आई समोर असताना हा वाद करू नका. आपल्या पत्रातील आईबद्दलचा उल्लेख वाचून हे प्रथम सुचले. त्याला एकट्याला भेटा. दाखल्याबाबत त्याचे बरोबर होते, हे आधी सांगा. निकेयाबद्दल आपण वाचलेले त्याला सांगा, सर्व्हेटस आणि एकेनहेड यांच्यासह. नंतर पहिल्या शिष्यांनी येशूला केलेली प्रार्थना योग्य होती की अयोग्य, हे त्याला विचारा, आणि त्याचे उत्तर मध्ये न बोलता पूर्ण ऐका. त्याने मार्काचे ते वचन काढले, तर ते आपल्यालाही अवघड वाटते असे मोकळेपणाने म्हणा. प्रार्थना एकत्र करण्याचे आपण थांबवले आहे असे आपण लिहिता. येशूने शिष्यांना शिकवलेली ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पित्यालाच उद्देशून आहे, आणि तिच्यातील एकही शब्द आपल्या दोघांपैकी कोणालाही गाळावा लागणार नाही. पुढच्या भेटीत तिच्यापासूनच सुरुवात करा.